३५० लेजंड: शेजारी-शेजारी पडणाऱ्या दोन ग्रुपचं कोडं सुटलं

सुटलं एकदाचं! माझ्या ३५० लेजंड काडतुसाच्या रायफलच्या गोळ्या एका पुंजक्यात (ग्रुपमध्ये) न पडता दोन वेगळ्या पुंजक्यांत पडत होत्या. आता शंभर यार्डांवर पाच गोळ्या, सव्वा इंचात. मागच्या वेळचा टार्गेटचा फोटो बघून "विकून टाक आणि जास्त ताकदीची ४५० बुशमास्टर घे" म्हणणाऱ्यांनी जरा दम धरावा. काडतूसही निर्दोष आहे आणि नळीही.

नवीन मंडळींसाठी दोन ओळी. ओहायोत हरणांच्या गन सीझनमध्ये बॉटलनेक, म्हणजे तोंडाशी मान अरुंद होणाऱ्या काडतुसाची रायफल चालत नाही. म्हणजे .३०-३०, .३०८, ६.५ क्रीडमोर सगळे घरी. २०१४ पासून स्ट्रेट-वॉल (अशी मान नसलेल्या, सरळ) काडतुसांना परवानगी आहे, .३५७ ते .५० कॅलिबर, आणि चेंबरमधलं धरून तीनच भरायची. त्यात माझी जागा आग्नेय ओहायोतली, वेन नॅशनल फॉरेस्टच्या बाजूची. ओक-हिकरीचं दाट रान, एकामागून एक डोंगरसोंडा, ऐंशी यार्डांपलीकडचं व्हाइटटेल हरीण दिसलं तरी नशीब. इथे दूर पल्ल्याची चैन कशाला हवी?

तरी ४५० चा मोह मलाही झाला होता. रेंजवरच्या मित्राची उडवून पाहिली. २५० ग्रेनची गोळी, सेकंदाला २२०० फूट, जवळजवळ २७०० फूट-पौंड. हरणाचं काम होईलच, पण खांद्याचंही होतं. बायकोने एक गोळी झाडली, रायफल परत केली आणि थर्मास उघडून चहा ओतून घेतला. ३५० लेजंडची १५० ग्रेनची गोळी २३२५ ला निघते, १८०० फूट-पौंड. शंभर यार्डांवर झीरो केली (नेम आणि गोळी एकाच जागी जुळवली) की दीडशेला दोन-अडीच इंच खाली, दोनशेला आठेक इंच. माझ्या रानाला एवढं पुष्कळ झालं. आणि जी रायफल झाडताना डोळे मिटत नाहीत तिचाच सराव होतो, हे माझं ठाम मत. धक्का सोसण्यात कसली आली मर्दुमकी.

आता मूळ दुखणं. पहिल्या दोन-तीन गोळ्या एकमेकींना चिकटून, मग पुढच्या गोळ्या तीन इंच उजवीकडे, त्याही एकमेकींना चिकटून! मग पुन्हा डावीकडे. सगळ्यांचा पहिला अंदाज "नळी तापतेय". म्हणून गोळी-गोळीला थांबून नळी हाताला थंड लागेपर्यंत वाट पाहिली. तरी तेच. दुसरा संशय प्लॅस्टिकच्या दस्त्यावर. नळीखालून कागदाची पट्टी सरळ निघत होती, पण पुढून वाळूच्या पिशवीवर दाब पडला की असले दस्ते वाकतात, म्हणून फोरएंड (दस्त्याचा नळीखालचा भाग) आतून आणखी घासला. अ‍ॅक्शन स्क्रू (रायफल दस्त्याला धरणारे) टॉर्क रेंचने, म्हणजे ठरावीक जोरालाच 'टक्' करणाऱ्या पान्याने, पुन्हा आवळले. १५० ग्रेन सोडून १८० ग्रेन आणली. ग्रुपची जागा बदलली, सवय नाही.

मग माझ्या .२२ रायफलवरचा भरवशाचा स्कोप (नेम धरायची दुर्बीण) याच रिंगांमध्ये, म्हणजे स्कोप धरणाऱ्या कड्यांमध्ये, बसवला. तरीही दोन ग्रुप. इथे ट्यूब पेटली. नळी किंवा काडतूस बिघडलं तर गोळ्या विखुरतात. असे दोन नीटनेटके पुंजके पडतात तेव्हा बहुतेक वेळा काहीतरी दोन जागांमध्ये सरकत असतं. स्कोप सुटला संशयातून, दस्ता सुटला, राहिलं काय? बेस, म्हणजे रिंगा ज्यांवर बसतात ते रायफलला स्क्रूने आवळलेले तुकडे.

बेसचे स्क्रू मात्र घट्ट होते! रेंच दर वेळी नेमक्या टॉर्कला 'टक्' करत होता, म्हणून तर तिकडे कोणी बघितलं नव्हतं. पुढचा बेस काढला तेव्हा पुढच्या स्क्रूचं टोक चकचकीत, चपटं झालेलं दिसलं. ते भोक आरपार नाही. स्क्रू गरजेपेक्षा लांब, त्यामुळे तो भोकाच्या तळाला टेकून घट्ट होत होता, त्याचं डोकं बेसला दाबतच नव्हतं. पुढचा बेस एकट्या मागच्या स्क्रूवर, आणि धक्क्यासरशी कणभर इकडे नाहीतर तिकडे.

तुम्हालाही घरी तपासता येईल. बेसशिवाय नुसता स्क्रू हाताने तळाला टेकेपर्यंत फिरवा आणि डोक्याखाली किती अंतर उरतं ते व्हर्नियरने मोजा. स्क्रू जिथून जातो तिथल्या बेसच्या जाडीपेक्षा ते अंतर जास्त भरलं, तर तो स्क्रू बेसला कधीच आवळणार नाही. माझं जास्त भरलं, साधारण एका आट्याएवढं. टोक घासलं, आटे साफ केले, तेलाचा अंश पुसला, निळा थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) लावला. बेस विकणाऱ्याला फोटो पाठवले तर उत्तर आलं की "हा सेट याच मॉडेलचा आहे". असेल बाबा. चाळीस डॉलरच्या सेटमध्ये पाच सेंटचा स्क्रू नीट नको का?

एच-१ वर असलेल्या दोघांनी बंदुकीबद्दल विचारलं होतं. नॉन-इमिग्रंट व्हिसावर एरवी बंदूक बाळगता येत नाही, पण वैध हंटिंग लायसन्स हा त्याला केंद्रीय कायद्यातला अपवाद आहे. तेव्हा आधी हंटर एज्युकेशनचा कोर्स, मग लायसन्स, मग दुकान. आणि नागपूरच्या काकांसाठी: हो, १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा मला पाठ आहे, भारतात हा छंद करायचा नाही. इथे सीझन आहे, टॅग (हरणामागे घ्यायचा परवाना) आहे, आणि शिंगवाला नर वर्षाला एकच.

पुढचा बेत हँडलोडिंगचा, म्हणजे काडतुसं घरीच भरण्याचा होता. लेजंड केसच्या (काडतुसाच्या कवचाच्या) तोंडावर हेडस्पेस करतं, म्हणजे चेंबरमध्ये तोंड टेकून थांबतं, त्यामुळे टेपर क्रिंपच हवा, तोंड गोळीभोवती सरळ दाबणारा. रोल क्रिंप मारून तोंड आत वळवलं की केस खोल जाते आणि फायरिंग पिनचा ठोका हलका पडतो. डाय (काडतुसं भरायचा साचा) बघून ठेवली होती. पण हे लिहितानाच वाटतंय, या सीझनला नकोच. रायफल आत्ता कुठे खरं बोलायला लागलीय, तिच्यापुढे आणखी एक अनोळखी गोष्ट कशाला ठेवू? फॅक्टरीची १५० ग्रेन, एकाच लॉटचे डबे आणून ठेवतो. थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी सीझन उघडतो, तोपर्यंत फक्त थंड नळीची पहिली गोळी, दर वेळी एकच, आणि तीही बाकावरून नाही, झाडाला टेकून.

डायच्या पैशांतून सीझननंतर वन-पीस रेल (दोन सुट्या बेसऐवजी एकच सलग पट्टी) घेईन म्हणतो. किंवा मग... हेन्रीची लिव्हर अ‍ॅक्शन, ३६० बकहॅमर? ते रिमवर (केसच्या बुडाच्या कडेवर) हेडस्पेस करतं, म्हणजे रोल क्रिंपची भीती नाही. कोणी वापरली असेल तर तिच्या रिकाम्या केस सहज मिळतात का तेवढं सांगा. बायकोला अजून बोललेलो नाही.