मजदलचे कापड आणि गोळीबार चौकातले आजोबा

गाझातील माणसे गेली काही वर्षे आपल्याला ढिगाऱ्याखाली, रुग्णालयाच्या फरशीवर किंवा पाण्याच्या रांगेतच दिसत आली आहेत. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने केलेल्या हल्ल्यात इस्रायलमध्ये सुमारे १,२०० माणसे मारली गेली आणि त्यानंतरच्या युद्धात गाझातील ६०,००० हून अधिक पॅलेस्टिनी मृत्युमुखी पडले, हे आकडे आता वाचकांच्या अंगवळणी पडले आहेत आणि मला सर्वाधिक अस्वस्थ करते ते हेच. त्यामुळे नागपुरातल्या काही तरुण चित्रकारांनी पॅलेस्टिनी जीवनावर चित्रकथांचा संग्रह काढायचा, त्याच्या विक्रीतून उरेल ती रक्कम वैद्यकीय मदतीसाठी द्यायची असे ठरवून मजकूर तपासण्याचे काम माझ्याकडे सोपवले, तेव्हा मी त्यांच्यापुढे एकच आग्रह धरला: या पानांवर माणसे आधी जगताना दिसली पाहिजेत.

छायाचित्रे असताना चित्रकथाच कशाला, हा प्रश्न रास्त आहे. युद्ध सुरू झाल्यापासून परदेशी पत्रकारांना गाझात स्वतंत्रपणे जाऊ दिलेले नाही. जे गेले ते इस्रायली सैन्याच्या सोबतीने आणि त्याने दाखवले तेवढेच पाहून आले. जे आपण पाहिले ते तिथल्याच पत्रकारांनी जीव धोक्यात घालून पाठवले आणि त्यांच्यातले कितीतरी त्यात मारले गेले. शिवाय कॅमेऱ्याला समोर काहीतरी उभे असावे लागते. जे घर आता उभेच नाही, ज्याच्या भिंतीवरचे लग्नाचे फोटोही घराबरोबर गेले, ते घर आठवणीतून काढता येते ते पेन्सिलीनेच.

पॅलेस्टिनी चित्रकारांनी हे काम फार पूर्वीपासून केले आहे. नाजी अल-अली हे गॅलिलीतल्या अश-शजरा गावचे. १९४८ मध्ये, इस्रायलच्या स्थापनेवेळच्या युद्धात, दहा वर्षांचे असताना ते कुटुंबासह विस्थापित झाले आणि लेबनॉनमधल्या ऐन अल-हिल्वे छावणीत वाढले. १९६९ मध्ये कुवेतच्या एका दैनिकात त्यांनी हंझला नावाचा मुलगा पहिल्यांदा काढला. त्याचे वय कायम दहा. मायदेशी परत जाईपर्यंत तो मोठा होणार नाही, असे त्यांनी ठरवले होते. १९७३ नंतर या मुलाने वाचकांकडे पाठ फिरवली आणि हात मागे बांधले. जुलै १९८७ मध्ये लंडनच्या रस्त्यावर नाजी अल-अली यांच्यावर गोळी झाडली गेली आणि २९ ऑगस्टला ते गेले, पण तो मुलगा आजही छावण्यांच्या भिंतीभिंतींवर उभा आहे. आमच्या गटातल्या जवळजवळ प्रत्येकाला आपल्या पानात हंझला हवा होता. मी नको म्हटले, कारण दुसऱ्याने आयुष्य वेचून घडवलेले पात्र आपण सजावटीसाठी उचलू नये. त्याची ओळख करून देणारे एक पान ठेवले आहे, तेवढे पुरे आहे.

मला स्वतःला सर्वांत प्रिय असलेली कथा मजदलच्या विणकरांची आहे. आज जेथे इस्रायलचे अश्केलॉन शहर आहे, तेथे १९४८ पूर्वी अल-मजदल हे हातमागांसाठी प्रसिद्ध असलेले गाव होते. स्वर्ग आणि नरक अशा अर्थाच्या नावाने ओळखले जाणारे, गडद रंगावर हिरवे आणि लाल पट्टे असलेले कापड तेथे विणले जाई आणि आसपासच्या स्त्रिया त्याचे पायघोळ झगे शिवून त्यांवर भरतकाम करीत. मजदलचे बहुतेक रहिवासी १९४८ मध्येच गाझाकडे गेले; जे मागे राहिले होते, त्यांना १९५० मध्ये हलवण्यात आले. विणकरांनी गाझात पुन्हा माग उभे केले आणि निर्वासित म्हणून जगत असतानाही तेच पट्टे विणत राहिले. पॅलेस्टिनी भरतकामाला युनेस्कोने २०२१ मध्ये मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले, त्या भरतकामाखाली असलेल्या कापडाची ही हकिकत आहे.

ही कथा काढणारी मुलगी नागपूरच्या गोळीबार चौकाजवळच्या कोष्टी कुटुंबातली आहे. तिच्या आजोबांनी तरुणपणी नागपुरी लुगडी विणली. तिने कच्चे पान त्यांच्यासमोर ठेवले, तेव्हा त्यांनी चष्मा वर सरकवून मजदलच्या विणकराच्या हाताकडे बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, “धोटा इतका ओढून फेकला तं काठ आत येते, बाई. हात जरा ढिला दाखव.” तिने हात पुन्हा काढला. मग आजोबांनी त्या विणकराच्या पाठीचा बाक, ताण्याचे धागे, पायाखालच्या पावड्या असे सगळे तपासले आणि हे कापड कुठले म्हणून चौकशी केली. नातीने सगळी हकिकत सांगितल्यावर त्यांनी विचारले ते एवढेच, की गाव सोडताना त्या लोकांना माग सोबत नेता आले का. आम्हाला याचे उत्तर नीट शोधावे लागले नसते, तर ते पान वरवरचेच राहिले असते.

एका पॅलेस्टिनी चित्रकर्तीने आपली काही पाने मराठीत आणण्याची परवानगी दिली आहे आणि तिथे वेगळीच अडचण उभी राहिली. अरबी पान उजवीकडून डावीकडे वाचले जाते. मराठीसाठी ते आरशासारखे उलटवले, तर सगळी माणसे डाव्या हाताने जेवू लागतात आणि भिंतीवरच्या नकाशात समुद्र पूर्वेला जातो. आम्ही पाने जशीच्या तशी ठेवून चौकटींना बारीक क्रमांक दिले आहेत. वाचकाला थोडे थांबून वाचावे लागेल, पण ते योग्यच आहे.

खरा वाद झाला तो मकलूबावरून. तांदूळ, तळलेली वांगी किंवा फुलकोबी आणि मांस थरांनी रचून शिजवायचे आणि भांडे मोठ्या ताटावर पालथे घालायचे, असा हा पदार्थ. पहिल्या मसुद्यात दोनच चौकटी होत्या: भांडे पालथे आणि भात ताटात. मधली चौकट, म्हणजे भांड्याच्या बुडावर थापटी मारून सगळे घर श्वास रोखून थांबते तो क्षण, नंतर आली आणि पान जिवंत झाले. पण २२ ऑगस्ट २०२५ रोजी गाझा शहर आणि परिसरात दुष्काळ असल्याची अधिकृत नोंद झालेली असताना भरलेले ताट छापणे क्रूरपणाचे नाही का, असे एकाने तळमळीने विचारले. मी बराच विचार केला. ज्या घरात शुक्रवारी मकलूबा रांधून शेजाऱ्यांना बोलावले जात असे, ते घर वाचकाने पाहिलेच नाही, तर त्या घरातून काय हिरावले गेले हे त्याला कसे कळावे? पान राहिले, त्या मित्राने सुचवल्यावरून दुष्काळाची तारीख तळाशी एका ओळीत घातली.

नागपूरचा याच्याशी काय संबंध, असे विचारणारेही भेटले. १९३८ साली गांधीजी येथून जवळच शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला राहत असताना त्यांनी ‘हरिजन’मध्ये ज्यूंच्या छळाबद्दल मनापासून कळवळा व्यक्त करूनही पॅलेस्टाईन अरबांचे आहे अशी भूमिका मांडली होती आणि पुढे १९८८ मध्ये भारताने पॅलेस्टाईन राष्ट्राला मान्यता दिली. आम्ही काही नवे करत नाही.

हिशेबाबाबत मी काटेकोर आहे. चित्रकार मानधन घेणार नाहीत, छपाईचा खर्च वजा जाता उरलेली सर्व रक्कम बँकेमार्फत जाईल आणि त्याचा जमाखर्च दुसऱ्या आवृत्तीत छापला जाईल. पुस्तक काळ्या शाईतच निघेल, मात्र मजदलच्या कापडाचे पान हिरव्या आणि लाल रंगात हवे, यावर सगळ्यांचे एकमत झाले. त्या एका पानाचा वाढीव खर्च विक्रीतून घ्यायचा नाही, आपसात वर्गणी काढून भरायचा, असे गेल्या बैठकीत ठरले आहे आणि आजोबांनी आपला वाटा आधीच दिला आहे.