अष्टमीचं पाणी आणि वेंगुर्ले रॉक्स: भाल्याच्या मासेमारीची डिसेंबरातली नोंद

डिसेंबरातल्या वद्य अष्टमीची दुपार आम्ही मुद्दाम निवडली होती. पुनव-अवसेच्या उधाणात पाण्याला इतकी ओढ असते की गाळ ढवळून निघतो आणि खाली भाल्याचं टोकसुद्धा धड दिसत नाही. अष्टमीला भांग, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी. ओढ कमी, गाळ कमी. तिथीची पाऊणपट केली की आठाचे सहा होतात, म्हणजे ढोबळमानाने सहाच्या सुमारास पूर्ण भरती. दुपारभर पाणी चढत राहणार आणि बाहेरचं निवळ पाणी खडकांवर येणार. सकाळी समुद्र शांत असतो, पण तेव्हा ओहोटी. दुपारी खारं वारं सुटतं, वर लाटा उठतात, तरी खाली दिसतं. श्वास रोखून बुडी मारायची आणि भाल्याने मासा धरायचा, या खेळात मला दिसणं सगळ्यात मोलाचं वाटतं.

मालवणला का नाही, हे नवीन लोक नेहमी विचारतात. सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाचा परिसर 1987 सालापासून सागरी अभयारण्यात आहे. तिथे मास्क लावून प्रवाळ बघायला जरूर जा, भाला घेऊन नाही. इतर ठिकाणीही आधी मत्स्य विभागाच्या परवाना अधिकाऱ्याकडे चौकशी करा आणि गावातल्या मच्छीमारांशी बोला. ज्यांचं पोट त्या खडकांवर आहे, त्यांना विचारल्याशिवाय पाण्यात उतरणं मला पटत नाही. 1 जून ते 31 जुलै पावसाळी मासेमारीबंदी असते, त्या काळात आमच्या बंदुका (रबराच्या ताणाने भाला सोडणाऱ्या) घरी टांगलेल्याच असतात.

संदेश, प्रणाली आणि मी निवती बंदरातून तांडेलकाकांच्या होडीने निघालो. वेंगुर्ले रॉक्स म्हणजे उघड्या समुद्रातला खडकाळ बेटांचा पुंजका, एका बेटावर दीपगृह. तिथल्या गुहांत पाकोळ्यांची घरटी असतात, त्या बाजूला आम्ही होडी नेत नाही. वारा वायव्येचा होता, म्हणून काकांनी आडोशाला नांगर टाकला आणि जाताजाता मला सांगितलं, ''मासो तुज्याकडे येतलो, तू त्येच्या मागे जाव नको.''

या मोसमात मी ज्यावर काम करतोय ते काकांनी एका वाक्यात सांगून टाकलं. व्हिडिओंत दिसणारी पाठलागाची शिकार निळ्याशार पाण्यात चालते. आपल्याकडे चांगल्या दिवशी पाच-सहा मीटर दिसतं. मासा दिसेपर्यंत त्याने आपल्याला केव्हाच ओळखलेलं असतं. म्हणून तळावर पडून वाट बघायची. भूमध्य समुद्रातले शिकारी याला आस्पेतो म्हणतात. खडकाच्या कडेआड पोट टेकायचं, बंदूक अंगाशी घ्यायची, फिन हलवायचे नाहीत आणि माशाच्या डोळ्याला डोळा भिडवायचा नाही. घशातून हलकासा आवाज काढला किंवा चिमूटभर वाळू उडवली की कुतूहल असलेले मासे वळून येतात.

यासाठी बंदूकही बदलली. 90 सेंटीमीटरची लांब नळी गढूळ पाण्यात फिरवायला जड जाते. आता 75 ची, एकच रबर, 6.5 मिलीमीटरचा भाला. पल्ला कमी झाला, पण जेवढं दिसतं त्याच्या बाहेर नेम धरायचाच नसतो. शिशाच्या पट्ट्यातलं वजनही नव्याने जुळवलं. श्वास सोडल्यावरही पृष्ठभागावर तरंगता आलं पाहिजे, ही अट मी सोडत नाही. तळावर पडायला थोडं जास्त वजन सोयीचं वाटतं खरं, पण शेवटच्या काही मीटरांत तेच वजन जीवावर उठू शकतं.

पहिल्या तासात मी भाला सोडलाच नाही. साधारण नऊ मीटरवर एक आडवी कपार आहे, तिच्या तोंडाशी शिंपल्यांचा चुरा साचलाय. तिथे पडून राहायचं, वर यायचं, पुरता दम घ्यायचा, पुन्हा जायचं. आधी पोपट मासे आले, मग एक वागळी वाळूवरून सरकत गेली. मग कोकर माशांचा छोटा थवा पाण्याच्या धूसर कडेतून एकदम बाहेर आला, माझ्याभोवती अर्धं वर्तुळ घेऊन निघून गेला. छाती शांत ठेवता आली, याचा मला त्या दुपारी सर्वांत जास्त आनंद झाला. मासा जवळ आला की नाडी उडते, आणि नाडी उडाली की तळावरची वेळ निम्मी होते. सध्या माझा सराव खरं तर याचाच चाललाय. घड्याळाचे सेकंद वाढवण्यामागे मी नाही.

तांबोशी भरती चांगली चढल्यावर आली. ही जात भित्री. आधी कपारीतून अर्धं तोंड काढते, मग आत जाते, मग दुसऱ्याच फटीतून बघते. मी नजर वाळूकडे वळवली आणि ती आडवी होईपर्यंत थांबलो. भाला कल्ल्यामागे लागला, मासा जागेवरच शांत झाला. संदेशला कोकर मिळाला. प्रणालीने काहीच मारलं नाही, पण तिने पश्चिमेच्या कड्याखाली एक नवी कपार शोधली, आणि आमच्या दृष्टीने ती दिवसाची मोठी कमाई.

त्या नव्या कपारीत हेकरू होता. मोठा, काळपट, पंख हलवत आतून आमच्याकडे बघणारा. आम्ही आळीपाळीने खाली जाऊन त्याला बघून आलो. हेकरू, म्हणजे गोब्रा, हा सावकाश वाढणारा मासा. त्याच्या बहुतेक जाती आधी मादी असतात आणि वय-आकार वाढल्यावर त्यांतल्या काहींचे नर होतात. म्हणजे खडकावरचा सर्वांत मोठा हेकरू मारला की बहुधा तिथला नरच गेला. शिवाय या कुळातला राक्षसी गोब्रा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे, आणि अंधाऱ्या फटीत अर्धवट दिसणाऱ्या माशाची जात खात्रीने सांगता येत नाही. जात कळत नसेल तर चापाला बोट लावायचं नाही. आमच्या तिघांत हा नियम पक्का आहे आणि तो सगळ्यांनी पाळावा असं मला मनापासून वाटतं.

सुरक्षेबद्दल दरवेळी लिहितो, याही वेळी लिहिणार. एक खाली, एक वर. दोघं एकाच वेळी खाली नाही, मासा कितीही मोठा असो. दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. वर येताना तो झपाट्याने निम्म्यावर येतो आणि फुफ्फुसातल्या प्राणवायूचा दाबही तसाच पडतो. म्हणून शुद्ध जाते ती बहुतेक वेळा वर पोचता पोचता, किंवा वर येऊन श्वास घेतल्यावरसुद्धा. वरच्याने जोडीदाराचा चेहरा निदान तीस सेकंद बघत राहायचं. बुडी मारण्यापूर्वी भराभर दीर्घ श्वास घ्यायचे नाहीत. त्याने प्राणवायू फारसा वाढत नाही, कार्बन डायऑक्साइड तेवढा कमी होतो आणि शरीराची धोक्याची घंटा वाजतच नाही. जितका वेळ खाली, त्याच्या निदान दुप्पट वेळ वर.

पाचच्या आधी वाऱ्याने जोर धरला आणि काकांनी हाक मारली. ते बोलावतात तेव्हा आम्ही वाद घालत नाही. मासे मारल्या मारल्या डोक्यात टोचून, कल्ले कापून रक्त काढलं होतं. मग खारं पाणी आणि बर्फ एकत्र केलेल्या पेटीत ठेवले. नुसत्या बर्फाच्या खड्यांवर मासा सगळीकडून सारखा थंड होत नाही, बर्फाळ पाण्यात होतो, आणि हा फरक जेवताना कळतो. तांबोशीचं तिरफळ घालून सार झालं. डोकं काकांना दिलं, त्यांना तेच आवडतं.

पुढच्या भांगाला पश्चिमेच्या कड्याखाली उतरायचं आहे. तिथे खोली बाराच्या पुढे जाते, म्हणून त्याआधी तलावात नाक-कान मोकळे करण्याचा सराव वाढवतोय. डोकं खाली असताना हवा गालांत आणून कानापर्यंत ढकलणं मला डाव्या कानाला अजून सावकाश जमतं. प्रणाली हे फार सहज करते, तिच्याकडून शिकतोय. संदेश सोळा मिलीमीटरऐवजी चौदाचं रबर लावून बघणार आहे. कुणी चौदाचं वापरलं असेल तर कपारीतल्या जवळच्या नेमाला ते कसं पडतं, ते जरूर सांगा.