चार सीट होत्या, चारच आहेत

“आधीचं विमान चार सीटचं होतं. ते विकून वर एवढे पैसे घातलेस, आणि आणलंस ते पुन्हा चार सीटचंच. मग वाढलं काय?”

पहिल्यांदा हे विचारलं माझ्या मावसभावाने, फोंड्याला एका लग्नाच्या पंगतीत. तो हिशेबाचा पक्का माणूस, त्यामुळे काहीतरी सांगून वेळ मारून नेता आली नाही. त्यानंतर कारखान्यात चहाच्या वेळी, म्हार्दोळला देवळाबाहेर चपला घालताना, कितीतरी वेळा तोच प्रश्न आला. आता तुम्ही विचारलंत, म्हणून एकदा बैजवार सांगतो.

माझा कुंडईला कारखाना आहे. औषधाच्या गोळ्या दाबणारी यंत्रं असतात, त्यांचे सुटे भाग आम्ही करतो आणि ती यंत्रं दुरुस्तही करतो. बरीचशी गिऱ्हाइकं वाळूजला, आणि बायकोचं माहेरही तिथेच, छत्रपती संभाजीनगरला. गाडीने जायचं तर चोर्ला घाट, बेळगाव, कोल्हापूर, पुणे, नगर असा अख्खा दिवस रस्त्यात जातो. मुंबईला मात्र मी स्वतःच्या विमानाने कधीच जात नाही. मडगावहून वंदे भारत आहे, दाबोळीहून आणि मोपाहून दिवसभर विमानं आहेत. तिथल्या गर्दीत लहान विमानासाठी जागा आणि वेळ मागत बसण्यात काही अर्थ नाही. घरचं विमान उपयोगाचं कुठे, तर जिथे थेट जायची अशी सोय नाही तिथे.

माझं पहिलं विमान सेस्ना १७२. पोर्तुगिजांनी दाबोळीचा विमानतळ सुरू केला १९५५ साली, आणि त्याच वर्षी हे विमान पहिल्यांदा उडालं. तेव्हापासून आजवर चव्वेचाळीस हजारांच्या वर बनली. जगात दुसरं कुठलंच विमान एवढ्या संख्येने बनलेलं नाही. माझं अर्थात बरंच अलीकडचं, वापरलेलं घेतलेलं. सालस विमान. शिकाऊ माणसाच्या चुका पोटात घालणारं. त्याच्याबद्दल माझ्या तोंडून वाकडा शब्द निघणार नाही.

पण त्या विमानाचा एक कागद होता, वजनाचा. उड्डाणाच्या वेळी सगळं मिळून ११५७ किलोंच्या वर जाता येत नाही. माझं विमान रिकामं भरायचं ७८०. राहिले ३७७. टाक्या पूर्ण भरल्या की दोनशे लिटर इंधन, म्हणजे १४४ किलो. उरले २३३. आता माणसं बसवा. मी ८०, बायको ६१, आई ५६ आणि मुलगी तेव्हा बारा वर्षांची, ३८. बेरीज २३५. बॅग अजून उचललेलीच नाही, आणि आम्ही दोन किलोंनी वर गेलो.

ती मे महिन्यातली सकाळ मला अजून दिसते. अंगणात आंब्याखाली मी बॅगा लटकवायचा काटा घेऊन उभा. आईने विहीणबाईंसाठी मानकुराद काढून ठेवले होते, दोन डझन, प्रत्येक आंबा वर्तमानपत्रात वेगळा गुंडाळलेला. पिशवी काट्याला लावली. सहा किलोंच्या थोडं वर. आई माझ्या तोंडाकडे बघत होती. मी काही बोलण्याआधीच ती म्हणाली, “मी राहते रे घरी. आंबे जाऊ देत.” तिने पिशवी माझ्या हातात दिली आणि आत जाऊन साडी बदलून आली. आम्ही तिघे आंबे घेऊन गेलो. त्या दिवशी हवा स्वच्छ होती, उड्डाण अगदी सुरेख झालं, आणि माझं लक्ष दोन्ही तास मागच्या रिकाम्या सीटवर होतं.

तुम्ही म्हणाल, टाकी अर्धीच भरायची होती. सगळी मेख तिथेच आहे. सेस्नाला लागतं ते एव्हगॅस, फिकट निळ्या रंगाचं, विमानाचं पेट्रोल म्हणा. आपल्याकडे ते मोजक्या ठिकाणी मिळतं. २०२२ साली इंडियन ऑइलने वडोदऱ्याच्या रिफायनरीत बनवलेलं एव्हगॅस बाजारात आणलं. त्याआधी सगळं बाहेरच्या देशांतून यायचं. मोठी प्रवासी विमानं मात्र चालतात एटीएफवर, म्हणजे शुद्ध रॉकेलच्या जातीच्या इंधनावर, आणि ते मोठ्या विमानतळांवर टँकरने दारात येतं. मी संभाजीनगरला उतरायचो तेव्हा बाजूच्या विमानात एटीएफ भरलं जात असायचं, पण मला तिथे एक लिटर एव्हगॅस मिळण्याची खात्री नसायची. म्हणून परतीचं इंधनही घरूनच न्यायचं. अंतर सरळ रेषेत पाचशे किलोमीटरच्या आसपास, ताशी पस्तीस लिटर, जाऊन-येऊन साडेचार तास, वर पाऊण तासाची राखीव बेगमी. टाकी काठोकाठ भरल्याशिवाय हे गणित बसतच नव्हतं. थोडक्यात, आईच्या सीटवर परतीचं इंधन बसलेलं होतं.

हे एकदा ध्यानात आल्यावर मी सीट मोजणं सोडून दिलं. विमान मोठं हवं असं नव्हतंच. मला हवं होतं एटीएफवर चालणारं विमान.

आता माझ्याकडे आहे ते डायमंड डीए४२. दोन इंजिनं, दोन्ही डिझेलच्या धर्तीची, एटीएफ पिणारी. दोन्ही मिळून ताशी पन्नास लिटरच्या आसपास घेतात. संभाजीनगरला जाण्यापुरतं, वर हवा बिघडली तर दुसरीकडे वळण्यापुरतं आणि राखीव, असं धरून दीडशे लिटर पुरतं. त्याचं वजन १२० किलो. परतीचं तिथे गेल्यावर भरायचं. माझ्या कागदावर माणसं, सामान आणि इंधन मिळून ५४० किलो बसतात. इंधन काढलं की ४२० उरतात. आम्ही चौघं, बॅगा, आंबे, आणि फिटरची पेटीसुद्धा. सामानाच्या कप्प्यांना त्यांची वेगळी मर्यादा असते, तीही पाळावी लागते, पण आईला घरी ठेवायची वेळ पुन्हा आलेली नाही. मावसभावाला मी हेच सांगितलं. सीट चार होत्या आणि चारच आहेत. आता चारही भरता येतात.

वेगाचं काही जण फार कौतुकाने विचारतात. सेस्नाला सव्वादोन तास लागायचे, याला पावणेदोन. अर्धा तास वाचतो. नुसत्या अर्ध्या तासासाठी मी एवढा पैसा घातला नसता, आणि तुम्हीही घालू नये.

गोव्यात विमान ठेवणाऱ्याने आणखी एक गोष्ट बघायलाच हवी, ती म्हणजे खारी हवा. सेस्ना सगळं ॲल्युमिनियमचं. एका रविवारी पंख धुताना रिव्हेटच्या डोक्यांभोवती रंगाला बारीक फुगे आलेले दिसले. नखाने खरवडलं तर खाली पांढरी पूड. तो ॲल्युमिनियमचा गंज. ज्या वर्कशॉपकडे वर्षाची तपासणी होती त्यांच्या कागदांवर दोन वर्षं सगळं ठीक लिहिलेलं होतं. त्या पंखाखाली मुलगी बसते हे मनात आलं आणि हात थंड पडला. पत्रा उघडून काढला, खोलवर गेलं नव्हतं, दुरुस्ती झाली. पण तेव्हापासून विमान मी स्वतः गोड्या पाण्याने धुतो आणि प्रत्येक रिव्हेट स्वतः बघतो. डीए४२ चं अंग कार्बन फायबरचं, त्याला असा गंज चढत नाही. आतले धातूचे भाग मात्र तेवढीच देखभाल मागतात. अशा विमानाला रंगही पांढराच शोभतो, कारण उन्हात अंग जास्त तापणं त्याला चालत नाही. मुलीला निळं हवं होतं. तिला तिच्या खोलीची भिंत निळी करून दिली.

दोन इंजिनांबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे, कारण इथे गैरसमज मोठा आहे.

गोव्यातून पूर्वेला निघालात की थोड्याच वेळात खाली सह्याद्री येतो. म्हादईचं रान, दऱ्या, हजार मीटरच्या आसपासची शिखरं. एक इंजिन असताना मी खाली सतत जागा शोधत असायचो, जर थांबलं तर उतरू कुठे. त्या पट्ट्यात उतरायला जागा नाही. म्हणून दोन इंजिनं हवीत हे खरं. पण दोनांपैकी एक बंद पडलं की निम्मी ताकद जाते आणि चढण्याची क्षमता निम्म्याहून पुष्कळ खाली येते, कारण विमान नुसतं हवेत सरळ ठेवायलाच बरीच ताकद खर्ची पडते. चढायला उरते ती फक्त वरची. शिवाय चालू इंजिन विमानाला एका बाजूला वळवायला बघतं. वेग फार कमी होऊ दिलात तर ते ओढणं पायाखालच्या पेडलने आवरत नाही आणि विमान उलटू शकतं. न शिकलेल्या माणसाच्या हातात दोन इंजिनं एकापेक्षा जास्त घातक.

शेहेचाळिसाव्या वर्षी मी पुन्हा शिकायला बसलो. शिक्षकांनी काही न सांगता एका इंजिनाची ताकद काढून घेणारी लिव्हर मागे ओढली. नाक डावीकडे गेलं, उजवा पाय आपसूक दाबला गेला, डावा पाय मोकळा. “कुठला पाय रिकामा आहे?” त्यांनी विचारलं. डावा. मग डावंच इंजिन गेलेलं. घाईत हात उजव्या स्विचवर गेला असता तर चांगलं चालणारं इंजिन बंद केलं असतं, म्हणून आधी बोट ठेवायचं, मोठ्याने बोलायचं, खात्री करायची, मगच बंद करायचं. या विमानात स्विच बंद केला की त्या बाजूच्या पंख्याची पाती आपोआप वाऱ्याकडे धार करून वळतात आणि तो थांबतो. हे आम्ही इतक्या वेळा केलं की रात्री झोपेतही माझा पाय हलायचा, असं बायको सांगते. अजूनही दर सहा महिन्यांनी शिक्षकांबरोबर एक दिवस याच सरावाचा.

आणि खरं सांगायचं तर माझ्या धंद्याला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो विमान बदलल्याचा नाही. सेस्ना असतानाच मी उपकरणांवर उडण्याचं, म्हणजे बाहेर काही न दिसता फक्त डायलवर विमान चालवण्याचं प्रशिक्षण घेतलं. आपल्याकडे नुसतं बाहेर बघून उडणाऱ्याला सूर्यास्तानंतर वीस मिनिटांनी हवेत राहता येत नाही. वाळूजला फिटरचं काम संध्याकाळी सातला आटपायचं आणि आम्ही लॉजवर मुक्काम करायचो. ते प्रशिक्षण झाल्यावर रात्री घरी येऊन जेवायला लागलो. माझ्यासारखं कुणी विचारायला आलं की मी आधी हेच सुचवतो.

खर्चाचं लपवत नाही. इंजिनं दोन म्हणजे देखभालही दोनाची. मी घेतलं तेव्हा वैयक्तिक वापराच्या विमानावर जीएसटी २८ टक्के होता आणि वर सेस. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झालाय. आणि ओळखीचे लोक प्रेमाने म्हणतात की इंधनाचे पैसे देतो, पुण्याला सोड. खासगी विमानात पैसे घेऊन कुणाला नेता येत नाही, त्याला वेगळा परवाना लागतो. मी फुकटही टाळतो, कारण उद्या कुणी विचारलं तर माझ्याकडे साधं उत्तर असावं.

पावसाळ्यात घरच्यांना घेऊन मी उडत नाही. जून ते सप्टेंबर घाटावर ढग चढलेले असतात, त्यात कुठला नुसता पाऊस आणि कुठला गडगडाटी, हे आतून कळत नाही. चवथीला, म्हणजे गणपतीत, बायकोच्या माहेरचे येतात ते रेल्वेने नाहीतर गाडीने, माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळांचं सामानही गाडीनेच. दोन इंजिनं आली म्हणून यात काही बदललं नाही.

यापुढे आणखी मोठं घेणार का, सहा-आठ जणांचं, हेही विचारतात. नाही. मुलगी दोन वर्षांनी शिकायला बाहेर जाईल, मग आम्ही तिघंच. तुम्ही दोघंच फिरत असाल तर सेस्ना विकू नका, तिच्यात आणि स्वतःच्या शिक्षणात पैसे घाला. तुम्ही चौघं असाल तर एखाद्या रविवारी सकाळी या, मी विमान धूत असतो. येताना घरातल्या प्रत्येकाचं खरं वजन लिहून आणा, कपड्यांसकट आणि चपलांसकट, आणि जिथे जायचं तिथे कुठलं इंधन मिळतं ते फोन करून विचारून या.