मागच्या चाकांची कुईं

पावसाळ्यात सकाळी गाडी काढली की पहिल्या दोन-तीन ब्रेकला मागून खरखर येते. मागच्या ब्रेकचा ड्रम, म्हणजे चाकाबरोबर फिरणारं लोखंडी भांडं, त्याला रात्रीत आतून गंज धरतो; ब्रेक दाबला की ड्रमला आतून घासणारा लायनर तो काढतो आणि आवाज थांबतो. त्याचं मला कधी काही वाटलं नाही. पण यंदा दिवाळी उलटली तरी आमच्या नऊ वर्षांच्या गाडीची कुईं जाईना. तीही गाडी चांगली चालून तापल्यावर, थांबतानाच्या शेवटच्या चार-पाच फुटांत. मुलुंड ते भांडुप एलबीएस रोडच्या गर्दीत दर सिग्नलला जीव वरखाली व्हायचा. शेवटी ब्रेक आहे तो.

एका गॅरेजमध्ये मागचे लायनर बदलून घेतले. आठ दिवस शांतता, मग पुन्हा तेच. दुसरीकडे चाक न उघडताच "बेअरिंग गेलंय" म्हणाले. ते मला पटेना. बेअरिंगची घुरघुर वेगाबरोबर वाढते, ब्रेक दाबा नाहीतर नका दाबू. आमचा आवाज पेडलवरचा पाय काढला की गप्प.

मग रविवारी पहाटे सोसायटीमागच्या रिकाम्या रस्त्यावर गाडी अगदी हळू सोडली, हँडब्रेकचं बटण दाबून धरलं आणि तो जरासा ओढला. आमच्या गाडीत तो फक्त मागच्या चाकांना लागतो. लगेच कुईं! मुलगा बाजूने चालत होता. "आई, डावीकडून येतंय."

भांडुपच्या एका मेकॅनिकने माझ्यासमोर डावा ड्रम काढला. धूळ त्याने फुंकली नाही, स्प्रेने धुतली; ती छातीत जाऊ नये, हे त्याला ठाऊक होतं. मला जवळ बोलावून त्याने बॅकप्लेट, म्हणजे ड्रममागची न फिरणारी प्लेट, दाखवली. लायनर ज्यावर बसवलेला असतो तो ब्रेक शू जिथे टेकून सरकतो तिथे प्लेटवर उंचवटे असतात. त्यांवरचं ग्रीस सुकून काळी खपली झाली होती आणि एका उंचवट्याला बोटाला लागेल अशी खाच पडली होती. शू सरकायच्या ऐवजी अडकत-सुटत होता, म्हणून थरथर आणि ड्रम वाजायचा. लायनर बदलताना इथे कुणी हातच लावला नव्हता.

खाच घासून सपाट केली, उष्णता सोसणारं ग्रीस काडीच्या गुलाएवढं लावलं, लायनरवरची चकाकी पॉलिश पेपरने उतरवली. शू ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरचं रबर उचलून पाहिलं, आत कोरडं होतं, म्हणजे ब्रेक ऑइल गळत नव्हतं.

उजवं चाकही मी हट्टाने उघडायला लावलं. तिथलंही ग्रीस सुकलेलंच होतं, फक्त अजून वाजायला लागलं नव्हतं.