पुलावर किती फूट?

गेल्या जुलैतल्या एका शनिवारी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची पोरं त्यांचे प्रोजेक्ट मला दाखवणार होती. मी डेटा सायंटिस्ट. कंपनी पुण्यात आहे, पण काम मी सांगलीत गावभागातल्या आमच्या घरातूनच करते. कंपनीसाठी मुलाखतीही घेते, म्हणून ओळखीच्या सरांनी बोलावलं होतं. प्रोजेक्ट बघून झाले की 'या क्षेत्रात शिरायचं तर काय करावं' यावर अर्धा तास बोला, म्हणाले.

ते बोलणं राहूनच गेलं. दुसऱ्याच पोरानं लॅपटॉप जोडला आणि पडद्यावर नाव उमटलं: 'आयर्विन पुलाजवळील कृष्णेच्या पातळीचा अंदाज'.

पावसाळ्यात सांगलीत दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न असतो, पुलावर किती फूट? १९२९ साली झालेल्या त्या पुलावरच्या खुणांवर आमचं सगळं ठरतं. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. २००५ साली पाणी ५३ फुटांच्या पुढे गेलं, तेव्हा बाबांनी ओसरीच्या भिंतीवर रेघ मारून ठेवली. याच्या वर काही येत नाही, असं ते पाहुण्यांना सांगायचे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ५७ च्याही वर गेलं. ती रेघ पाण्याखाली होती आणि आम्ही आजीला खुर्चीसकट बोटीत बसवत होतो.

तर मी खुर्ची पुढे ओढून बसले.

पोरगा जत तालुक्यातला, हुशार, बोलायला नेमका. २००४ पासूनच्या पावसाळ्यांतली रोज सकाळची पातळी, कोयनेचा विसर्ग, पाऊस, असं सगळं त्यानं एका फाईलमध्ये जमवलं होतं. त्यावर रँडम फॉरेस्ट चालवलं होतं, म्हणजे जुन्या नोंदींवरून शिकलेल्या शेकडो निर्णय-झाडांची सरासरी घेऊन अंदाज सांगणारं मॉडेल. उद्याच्या पातळीचा अंदाज, आर-स्क्वेअर ०.९८. अंदाज खऱ्या आकड्यांशी किती जुळतो त्याचा हा स्कोअर, १ म्हणजे तंतोतंत. वर्गात टाळ्या पडल्या.

"रेझ्युमेत हे सगळ्यात वर टाकलंय मॅडम," तो म्हणाला. त्याखाली अकरा ऑनलाइन कोर्सची सर्टिफिकेटं होती.

मी म्हटलं, "एक ओळ लिही. उद्याची पातळी म्हणजे आजचीच पातळी. मॉडेल नाही, काही नाही. आणि तिचा स्कोअर काढ."

०.९६ आला.

वर्ग शांत झाला. नदी एका रात्रीत बहुधा थोडीच हलते, त्यामुळे आजचा आकडा उद्याला खपवणारा माणूसही बहुतेक दिवस बरोबर ठरतो. चूक निघते ती नेमकी ज्या दिवशी घर रिकामं करायचं की नाही हे ठरवायचं असतं, त्या दिवशी. सगळ्या दिवसांची सरासरी काढली की तो दिवस त्यात बुडून जातो.

मग मी विचारलं, परीक्षेसाठी दिवस कसे वेगळे काढलेस? त्यानं सगळे दिवस पिसून त्यातले वीस टक्के बाजूला ठेवले होते. म्हणजे २०१९ च्या ऑगस्टची ७ तारीख परीक्षेत, तर ६ आणि ८ तारीख अभ्यासात. मॉडेलनं तो महापूर आधीच बघितला होता.

"२०१८ पर्यंतचाच डेटा शिकव. परीक्षा फक्त २०१९ ची घे."

दोन मिनिटांत आलेख आला. पाण्याची रेघ चढत ५७ च्या वर गेलेली आणि मॉडेलची रेघ ५२ च्या आसपास आडवी पडलेली. त्यानं दोनदा चालवून बघितलं. आडवीच. रँडम फॉरेस्टमधलं प्रत्येक झाड शिकलेल्या आकड्यांची सरासरी सांगतं, म्हणून शिकताना जे सगळ्यात मोठं बघितलं त्याच्या वर ते जाऊच शकत नाही. बाबांच्या भिंतीवरची रेघ आणि ही रेघ एकाच जातीची. मी वर्गात तेच सांगितलं, आजीच्या बोटीसकट. पाच फुटांचा फरक म्हणजे कॉटवर ठेवलेलं सामान वाचणं आणि माळ्यावरचंही भिजणं.

पोराचा चेहरा उतरला. पण बाकीच्यांसारखा तो खाली बघत बसला नाही. म्हणाला, "मग पातळीच्या ऐवजी वाढ किती होईल ते शिकवलं तर?" मुलाखतीत मी याच वाक्याची वाट बघत असते. आजची पातळी अधिक वाढ, असं केलं तर अंदाज जुन्या कमाल आकड्याला बांधलेला राहत नाही. कऱ्हाडला कोयना कृष्णेला मिळते, तिथलं पाणी इथे पोचायला वेळ लागतो, म्हणून तिथली आदली पातळी घे, मी सुचवलं. खाली हरिपूरला वारणा मिळते, ती फुगली की इथलं पाणी ओसरत नाही, तेही घे.

सर्टिफिकेटांबद्दल मला राग नाही. लिनिअर अल्जिब्रा, संभाव्यता, संख्याशास्त्र, डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा एसक्यूएल हे कुठूनतरी शिकावंच लागतं, आणि संशोधनात जायचं असेल तर एखादा पेपर घेऊन त्यातला निकाल स्वतःच्या हातानं पुन्हा काढून बघावा लागतो. पण कोर्समध्ये फाईल धुऊनपुसून हातात मिळते. नोकरीत तशी कधीच मिळत नाही. माझ्या पहिल्या नोकरीत मीही असंच पिसलेल्या डेटावर तपासलेलं मॉडेल पुढे पाठवलं होतं. ते तीन महिने चुकीचं सांगत होतं आणि त्याचा त्रास दुसऱ्यांना झाला. ते मी विसरलेले नाही.

संध्याकाळी निघताना मी त्याला विचारलं, "पूल बघितलायस का?"

"एसटीतून येताना. आमच्याकडे पूर कुठला मॅडम, कृष्णा आमच्याकडे म्हैसाळच्या कालव्यातून येते."

पुलावर नेहमीची गर्दी होती. पाणी गढूळ, मधूनच एखादा ओंडका, जलपर्णीचे हिरवे गठ्ठे. कठड्यावरून वाकून मी त्याला खुणा दाखवल्या. शेजारी एक आजोबा नातवाला आकडा वाचून दाखवत होते, "एकतीस फूट चार इंच." पोरगा त्यांच्याकडे बघत राहिला. मग पाठीवरची बॅग काढून त्यानं तिथेच, कठड्यावर टेकवून लॅपटॉप उघडला. मी पावसाकडे बघून छत्री धरली.

फाईलमधला पातळीचा रकाना तो खाली खाली सरकवत होता. २४.६. ३०.९. २८.११. ३३.७. २९.११.

"मॅडम, यात बिंदूनंतर अकराच्या पुढे काहीच नाही. कुठेच नाही. बारा नाही, पंचवीस नाही, पन्नास नाही."

मी वाकून बघितलं. बिंदूनंतर इंच होते. २४.६ म्हणजे चोवीस फूट सहा इंच, साडेचोवीस. आणि दहा इंचांचं शून्य संगणकानं गाळलं होतं, म्हणून चोवीस फूट दहा इंच आणि चोवीस फूट एक इंच दोन्ही २४.१ झाले होते. इतके महिने त्याचं मॉडेल हे दोन दिवस एकच समजत होतं. ०.९८ चा स्कोअर आला तरी हे कुणाला दिसलं नव्हतं, आणि वर्गात मलाही दिसलं नव्हतं.

तो तिथेच, ओल्या कठड्यापाशी, मूळ नोंदी कुठे मिळतील ते विचारायला लागला.

तेवढ्यात बाबांचा फोन आला. नेहमीचाच प्रश्न. मी फोन त्याच्यापुढे धरला.

"एकतीस फूट चार इंच काका," तो म्हणाला. पुन्हा वाकून बघितलं. "नाही, पाच."