ब्रेक दाबला की डॅश उजळतो, त्याचा एकदाचा निकाल लागला

सापडलं एकदाचं! मागच्या अपडेटमध्ये ज्या भानगडीपाशी अडकलो होतो तिचं मूळ हाती लागलंय आणि सुट्या भागांच्या किटमधून जुळवत असलेली माझी ही गाडी सध्या तरी शहाण्यासारखी वागतेय. नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात, लाइटचा स्विच पूर्ण बंद, इग्निशन चालू, ब्रेक दाबला की डॅशवरच्या सगळ्या गेजचे बॅकलाइट मिणमिणायला लागायचे, ब्रेक सोडला की विझायचे. वर ब्रेक लाइट लालऐवजी मळकट दिसायचे, रिअर फॉग लावला की आणखी बसायचे, आणि पेट्रोलचा काटा ब्रेकच्या प्रत्येक दाबाला खाली घसरायचा. म्हणजे ब्रेक मारला की टाकी रिकामी!

बऱ्याच जणांनी ब्रेक स्विच बदल म्हणून सांगितलं, काहींना लाइटचा स्विच आतून शॉर्ट वाटला. दोन्ही सुटे करून तपासले, दोन्ही ठणठणीत. आणि पेट्रोलच्या काट्याचा ब्रेक स्विचशी संबंध काय? तो काटा हलतोय म्हणजे लोच्या मागे, टाकीचा सेंडर (पेट्रोलची पातळी काट्याला कळवणारा भाग) आणि मागचे दिवे ज्या एका अर्थिंगवर, म्हणजे बॅटरीच्या मायनसला परत जाणाऱ्या वाटेवर, आहेत तिथे, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

कारण बघा, मागे दोन फिलामेंटचा २१/५ वॅटचा बल्ब आहे. २१ चं फिलामेंट ब्रेकचं, ५ चं टेललाइटचं, दोघांची अर्थ बल्बच्या पितळी बुडाला एकच. ती अर्थ धड नसली की ब्रेकचा करंट दुसरी वाट शोधतो, ५ वॅटच्या फिलामेंटमधून उलटा टेललाइटच्या लाल वायरमध्ये घुसतो आणि थेट डॅशवर पोचतो. एरवी पुढचे पार्किंगचे बल्ब हा करंट गिळून टाकतात, पण माझ्याकडे पुढे एलईडी आणि गेजमध्येही एलईडी, त्यामुळे त्या लाल वायरवर खाणारं कोणीच नाही आणि तीन-चार व्होल्टवरसुद्धा बॅकलाइट दिसतात. बॉडी फायबरची, म्हणून दिव्याची अर्थ बॉडीतून मिळण्याचा प्रश्नच नाही, प्रत्येक दिव्याची काळी वायर मागे चासीपर्यंत यावीच लागते.

आता खरा वैताग. मल्टिमीटर बीपवर (वाट सलग असली की वाजतो त्या सेटिंगवर) लावला, एक टोक दिव्याच्या होल्डरला, दुसरं बॅटरीच्या मायनसला, आणि बीप अगदी खणखणीत! कितीही वेळा लावा, बीपच. याच बीपने मला सगळ्यात जास्त छळलं. मीटर त्या वेळी वायरमधून जेमतेम मिलिअँपमध्ये करंट सोडतो, आणि बहुतेक मीटर दहा-वीस ओहमलाही बिनधास्त बीप करतात. ब्रेकचे दोन बल्ब साधारण साडेतीन अँपिअर मागतात, त्यांना एक-दीड ओहमसुद्धा डोंगर आहे.

मग बीप सोडून व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे दिवे चालू असताना वाटेत किती व्होल्ट खाल्ले जातात ते, मोजायला घेतला. मीटर २० व्होल्ट डीसीवर, काळं टोक बॅटरीच्या मायनसच्या खांबावर क्लिपने कायमचं, ब्रेक पेडलवर लाकडाचा ठोकळा अडकवून दिवे चालू, आणि लाल टोक अर्थच्या वाटेवर एकेक जागी. होल्डरच्या बुडाला ४.१ व्होल्ट. अर्थिंगवर ०.१ च्या आत यायला हवेत तिथे ४.१! टनेलच्या (गाडीच्या मधोमध जाणाऱ्या बोगद्याच्या) तोंडाशी जो कनेक्टर आहे तिथे ४.०. चासीच्या स्टडवर (अर्थची वायर जिथे आवळलीय त्या बोल्टावर) ०.०२. म्हणजे पावडर कोटिंग खरवडून, स्टार वॉशर घालून केलेला स्टड एकदम चोख, आणि सगळी चोरी कनेक्टर ते स्टड या मधल्या तुकड्यात, टनेलच्या आत, किटबरोबर तयार आलेल्या लूममध्ये, म्हणजे वायरींच्या जुडग्यात.

टनेलचं कव्हर काढलं. लूमवर कापडी टेप गुंडाळलेला, आणि एका जागी तो टेप बाकीच्यापेक्षा चकचकीत, बोटाला मऊ लागत होता. सोलला तर आत क्रिंपचा, म्हणजे धातूच्या तुकड्यात वायरी दाबून केलेला, जोड. पलीकडून आलेल्या सगळ्या काळ्या वायरी एका क्रिंपमध्ये घालून अलीकडे एकच जाड काळी वायर काढलीय, आणि त्या जाड वायरीचं इन्सुलेशन न सोलताच क्रिंपच्या तोंडात दाबलंय. तांब्याच्या मोजक्या तारा कडेने चिमटल्यात, बाकीच्या रबराच्या आड आरामात. प्लास्टिक तपकिरी झालेलं. आकडे मांडून बघा, चार व्होल्ट आणि जवळपास तीन अँपिअर म्हणजे बारा वॅट, एवढी उष्णता त्या एका जोडात! टेप मऊ पडला नाही तरच नवल. लूम बनवणाऱ्याचं नाव घेत नाही, पण 'प्लग अँड प्ले' लिहून विकताना निदान प्रत्येक जोड एकदा ओढून तरी बघावा की.

यावरून एक ठाम मत. लाल-निळे-पिवळे कोटवाले रेडिमेड लग आणि पक्कड, या जोडीवर गाडी उभी करू नका. रॅचेटवाला क्रिंपर, उघड्या तोंडाचे टर्मिनल, वर गोंद असलेली हीट श्रिंक, बास. वायरीत दात रुतवून करंट चोरणारे ते निळे क्लिप तर दिसताक्षणी काढून फेकायचे.

दुरुस्ती म्हणून आधी ठरवलं की तो जोड कापून नवा करायचा आणि टनेल बंद. मग वाटलं, सगळं एकाच जोडावर ठेवायचंच कशाला? मागच्या क्रॉसमेंबरवर एम८ चा नवा स्टड घेतला, डावे दिवे, उजवे दिवे आणि टाकीचा सेंडर तिघांची वेगळी काळी वायर तिथे आणली. आता ब्रेक आणि फॉग दोन्ही चालू असताना होल्डरला ०.०५, बॅकलाइट ठार बंद, काटा जागचा हलत नाही, आणि ब्रेक लाइट असा लाल की मागे उभं राहून बघतच बसलो. हे लिहिता लिहिता अजून एक सुचतंय, टनेल उघडाच आहे तर बॅटरीच्या मायनसपासून या स्टडपर्यंत ६ स्क्वेअर एमएमची वायरच का टाकू नये? चासी असेल ती असेल, पण नळ्यांच्या जोडांवर पुढे गंज चढला तर परत हाच खेळ. टाकतोच. म्हणजे कव्हर आज लागत नाही.

पुढचा इंजिनचा लूम जर्मन डोनरचा (ज्या जुन्या गाडीचे भाग वापरले तिचा) आणि मागचा किटचा ब्रिटिश रंगांचा आहे. जर्मनमध्ये तपकिरी म्हणजे अर्थ, ब्रिटिशमध्ये तपकिरी म्हणजे बॅटरीचा थेट फ्यूजशिवायचा प्लस. दोन्ही लूम जिथे भेटतात तिथल्या प्रत्येक तपकिरी वायरीवर मी छापील स्लीव्ह चढवल्यात. असाच मेळ जुळवत असाल तर रंग बघून काहीही जोडू नका, आधी मोजा.

एक छोटा आनंद. सगळे इंडिकेटर एलईडी केल्यावर एका बाजूचा दिला की चारही मिचकत होते, ते मिटलं. डॅशवर इंडिकेटरचा एकच बल्ब, तो डाव्या आणि उजव्या वायरींच्या मध्ये लावलेला, त्यामुळे डावीकडचा करंट त्यातून उजवीकडे पाझरायचा आणि एलईडींना तेवढा पुरायचा. दोन १एन४००७ डायोड घेतले, दोन्हींची पट्टीची बाजू एकत्र करून बल्बच्या एका टोकाला, दुसरं टोक अर्थला. किरकोळ खर्चात काम झालं. फ्लॅशर (इंडिकेटर मिचकवणारा रिले) आधीच एलईडीवाला असल्यामुळे वेगही बरोबर आहे.

राहिलंय ते तापमानाच्या काट्याचं. हेडलाइट लावले की तो वर चढतो, दोन ५५ वॅट म्हणजे नऊ अँपिअरच्या आसपास, आणि इंजिन थंडच असतं. दोन संशय आहेत, डॅशची अर्थ हेडलाइटबरोबर वाटून घेतलेली असणं, नाहीतर ब्लॉक ते चासीची पट्टी. इंजिन रबर माउंटवर असल्यामुळे ती पट्टीच त्याचा खरा रस्ता आहे. आधी हेडलाइट चालू ठेवून गेजच्या अर्थवर मोजणार, मग सेल्फ मारताना ब्लॉक ते बॅटरी मायनस. कोणी डॅशमागे वेगळा अर्थचा बसबार (बऱ्याच वायरी एकत्र जोडायची पट्टी) टाकला असेल तर किती टर्मिनलचा घेतला ते सांगा, माझ्याकडे आत्ताच दाटी झालीय आणि वायपर अजून जोडायचाय.