मिस्टर के यांची झेड

युताका कातायामा १९ फेब्रुवारी २०१५ रोजी वारले, वयाच्या १०५व्या वर्षी. डॅटसन या निसानच्या ब्रँडच्या ‘झेड’ नावाच्या स्पोर्ट्स गाड्या बाळगणाऱ्या लोकांत त्यांचं पूर्ण नाव क्वचितच कुणी घ्यायचं. सगळ्यांचे ते ‘मिस्टर के’. मोटार कंपनीच्या अध्यक्षावर गाडीमालकांनी घरातल्या वडीलधाऱ्यासारखी माया करावी, असं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. अमेरिकेतलं निसानचं अध्यक्षपद त्यांच्याकडून गेलं १९७७ साली, पण झेडवाल्यांच्या मेळाव्यांना ते म्हातारपणीही येत राहिले. लोक गाडीचं हूड उघडून उभे राहायचे, आणि ते वाकून इंजिन बघायचे, मालकाशी बोलायचे, सही करायचे.

आपल्याकडे डॅटसन म्हटलं की चेन्नईत तयार होणारी ‘गो’ आठवते. २०१४ साली ती आली आणि २०२२ साली ते नावच बंद झालं. मिस्टर के यांची डॅटसन ती नव्हे.

१५ सप्टेंबर १९०९ हा त्यांचा जन्मदिवस, जन्म शिझुओका प्रांतातला. १९३५ साली ते निसानमध्ये लागले, तेही जाहिरातीच्या कामावर. १९५८ साली त्यांनी कंपनीला ऑस्ट्रेलियाच्या मोबिलगॅस ट्रायलमध्ये उतरायला लावलं. अख्ख्या खंडाला वळसा, सुमारे १६,००० किलोमीटर, आणि गाड्या कसल्या, तर एक लिटरच्या दोन डॅटसन २१०. त्यांतल्या ‘फुजी’ने आपला वर्ग जिंकला. १९६० साली ते अमेरिकेत गेले आणि १९६५ साली तिथल्या कंपनीचे अध्यक्ष झाले. मोठे डीलर जपानी गाडीला दारात उभं करत नव्हते, तेव्हा छोट्या गॅरेजवाल्यांना आणि जुन्या गाड्या विकणाऱ्यांना गाठून त्यांनी एजन्सी दिल्या. गाडी खपवण्याइतकाच त्यांचा भर सुट्या भागांच्या साठ्यावर आणि मेकॅनिक तयार करण्यावर होता. अमेरिकेतल्या ५१० मॉडेलला १६०० सीसीचं ओव्हरहेड कॅमचं (व्हॉल्व्ह उघडणारा कॅम वर, हेडमध्येच असलेलं) इंजिन मिळावं म्हणून टोकियोशी भांडले तेही तेच.

झेडचं रूप योशिहिको मात्सुओ यांच्या स्टुडिओतलं. पण ही गाडी अमेरिकन माणसाला परवडेल अशी हवी, सहा सिलिंडरची हवी, उंच माणूस आत मावला पाहिजे आणि कोपऱ्यावरच्या गॅरेजात ती दुरुस्त झाली पाहिजे, हा आग्रह मिस्टर के यांचा. ऑक्टोबर १९६९मध्ये २४०झेड लोकांसमोर आली, किंमत ३,५२६ डॉलर. पोर्शे ९११ तेव्हा जवळपास दुप्पट पैशांना पडायची. डीलरांकडे रांगा लागल्या आणि काहींनी छापील किमतीच्या वर पैसे उकळले. जपानमध्ये या गाडीचं नाव ‘फेअरलेडी झेड’. अमेरिकेत उतरलेल्या पहिल्या गाड्यांवरही तीच अक्षरं होती. मिस्टर के यांनी ती काढायला लावली आणि कंपनीच्या आतल्या वापरातलं नाव, ‘२४०झेड’, बसवलं. नाव कंपनीचंच असल्यामुळे टोकियोला फार बोलता आलं नाही. झेडवाले हा प्रसंग अजून कौतुकाने सांगतात.

शर्यतीचं थोडक्यात सांगतो, कारण त्यावर भरपूर लिहिलं गेलं आहे. पीट ब्रॉक यांच्या संघाला मिस्टर के यांनी हात दिला आणि जॉन मॉर्टन यांनी २४०झेडवर १९७० आणि १९७१ची सी प्रॉडक्शन या अमेरिकन शर्यत-वर्गाची अजिंक्यपदं जिंकली. आपल्या लोकांनी लक्षात ठेवावं असं नाव मात्र वेगळं आहे. युगांडात जन्मलेले, भारतीय वंशाचे शेखर मेहता. १९७३ची ईस्ट आफ्रिकन सफारी रॅली त्यांनी याच गाडीतून जिंकली. तिथल्या अतिशय खडतर रस्त्यांवर ही गाडी टिकली, ते तिच्या साधेपणामुळे.

त्या साधेपणाबद्दलच मला सविस्तर लिहायचं आहे. मिस्टर के यांची आठवण काढायची तर झेड चालती ठेवणं हा सर्वांत खरा मार्ग, असं अमेरिकेतले जुने झेडवाले मानतात आणि मलाही ते पटतं. अमेरिकेत राहणारे बरेच मराठी मित्र आता या गाड्या शोधू लागले आहेत. त्यांना पुढचं उपयोगी पडेल.

आधी पत्रा. या गाडीचा एकच खरा शत्रू आहे, गंज. १९७०च्या सुमारास जपानी पत्र्यावर गंजरोधक प्रक्रिया तुटपुंजी होती आणि किंमत खाली ठेवायची तर पत्रा पातळ ठेवावा लागला. पहिली जागा बॅटरीखालचा ट्रे. ॲसिड सांडतं, ट्रे खातं, मग फायरवॉल (इंजिन आणि केबिन यांमधली भिंत) आणि खालची फ्रेम रेल, म्हणजे गाडीला पेलणारी लांब पट्टी. दुसरी जागा काउल, म्हणजे विंडशील्डखालची जाळीची पोकळी. तिथे पाला साचतो, पाण्याचा निचरा तुंबतो आणि पाणी आत जमिनीच्या पत्र्यावर उतरतं. गाडी बघायला जाताना पाण्याची बाटली न्या. काउलच्या जाळीत पाणी ओता. ते पुढच्या चाकांच्या मागून दोन्ही बाजूंना खाली यायला हवं. एका बाजूने आलं नाही तर त्या बाजूचा गालिचा उचलून बघितल्याशिवाय किमतीचं बोलू नका. तिसरी जागा मागच्या चाकाच्या पुढचा, दाराखालचा तुकडा. तिथे पुट्टी भरलेली असण्याची शक्यता फार, म्हणून लोहचुंबक कापडात गुंडाळून फिरवा. चिकटला नाही तर आत पत्रा नाही. शेवटी स्पेअर चाकाचा खड्डा आणि मागच्या काचदाराची खालची कड. फ्रेम रेलवर जॅक कधीही लावू नका. रेल आत दबते आणि त्या वळीत पाणी धरून राहतं. जॅक लागतो तो पुढच्या क्रॉस मेंबरवर किंवा मागे डिफरन्शियलखाली.

इंजिन मात्र खंबीर आहे. एल२४, २,३९३ सीसी, जुन्या मोजणीने १५१ अश्वशक्ती. बिडाचा ब्लॉक, ॲल्युमिनियमचं हेड, एकच कॅम. त्याला जीव लावला तर ते पिढ्या काढतं.

टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हचं अंतर, दर वर्षी बघावेत. थंड इंजिनवर इनटेकला ०.२० मिलिमीटर, एक्झॉस्टला ०.२५. गरम इंजिनवर अनुक्रमे ०.२५ आणि ०.३०. शक्यतो गरमच करा, कारण इंजिन चालतं त्याच अवस्थेत. कॅमचं नाक वर, रॉकरपासून दूर आलं की त्या व्हॉल्व्हचं अंतर मोजायचं. १७चा पाना लॉकनटला, १४चा पिव्हटला. नट घट्ट करताना पिव्हट थोडा फिरतो आणि अंतर बदलतं, म्हणून घट्ट केल्यावर फीलर गेज (अंतर मोजायची पातळ पट्टी) पुन्हा घाला. अंतर कमी पडलं तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि जळतो. किंचित जास्त राहिलं तर नुसती टकटक होते. शंका आली तर टकटक पत्करा.

झाकण उघडलंच आहे तर कॅमवरची तेलाची पितळी नळी तपासा. तिच्या बारीक भोकांतून कॅमच्या नाकांवर तेल पडतं. भोक तुंबलं किंवा नळीचा जोड सैल झाला तर ते नाक कोरडं घासून सपाट होतं, आणि नवा कॅम म्हणजे रॉकरही नवे. या इंजिनाला जस्ताचं प्रमाण चांगलं असलेलं तेल घाला. आजच्या गाड्यांच्या बऱ्याच तेलांत ते कमी केलेलं असतं.

हेड उतरवायचं असेल तर एक गोष्ट काटेकोरपणे पाळा. कॅमचं स्प्रॉकेट सोडण्याआधी टायमिंग चेनच्या दोन पट्ट्यांमध्ये लाकडाची पाचर वरून घट्ट ठोका. नाही ठोकली तर चेन सैल पडते, चेन ताणून धरणारा टेन्शनर उसळून बाहेर येतो आणि तो परत बसवायला समोरचं अख्खं कव्हर काढावं लागतं. दुपारचं काम आठवड्यावर जातं. पाचरीला दोरी बांधा, म्हणजे शेवटी ओढून काढता येते.

आता कार्ब्युरेटर. १९७०, ७१ आणि ७२च्या गाड्यांना गोल टोपीचे दोन हिटाची कंपनीचे, एसयू पद्धतीचे, म्हणजे आत वरखाली सरकणारा पिस्टन असलेले. १९७३चे सपाट टोपीचे, प्रदूषणाचे नियम सांभाळायला केलेले, गरम इंजिन पुन्हा सुरू करताना रडवणारे. बहुतेकांनी ते काढून आधीचे गोल टोपीचे बसवले आहेत, आणि मी तोच सल्ला देईन. गोल टोपीवाल्यांची बदनामी झाली ती लोक उलट्या क्रमाने काम करतात म्हणून. आधी टॅपेट, मग प्लगचं अंतर ०.८ मिलिमीटर, मग डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटचं अंतर ०.४५ ते ०.५५, मग ठिणगीचं टायमिंग. हे सगळं बरोबर असेल तरच कार्ब्युरेटरला हात लावायचा. फायरिंगचा क्रम १-५-३-६-२-४. डिस्ट्रिब्युटरच्या दोन तारा अदलाबदल झाल्यामुळे मिश्रणाला दोष देणारे लोक खूप भेटतात.

हिटाचीचा पिस्टन बोटाने उचलून सोडला की तो सरळ पडून ‘टक’ असा आवाज यायला हवा. अडखळला तर टोपी आणि पिस्टन स्वच्छ करा, पॉलिश पेपरने घासू नका. पिस्टनची चाल मंद करणाऱ्या डँपरमध्ये २० ग्रेडचं तेल. पातळ तेल घातलं तर ॲक्सिलरेटर दाबताच गाडी क्षणभर गुदमरते. खालचा मिश्रणाचा नट पूर्ण वर नेऊन अडीच फेरे खाली आणा, ही सुरुवात. मग एअर क्लीनर काढून, दोन्ही कार्ब्युरेटरमधला दुवा सैल करून, रबरी नळीचं एक टोक कानाशी आणि दुसरं प्रत्येक तोंडाशी धरा. दोन्हीकडचा सूं आवाज सारखा होईपर्यंत आयडलचे स्क्रू फिरवा. हवा मोजायचं यंत्र असेल तर उत्तम. दुवा जोडल्यावर एका पिस्टनला मिलिमीटरभर उचला. इंजिनाचा वेग किंचित वाढून परत खाली आला तर मिश्रण बरोबर, वाढून तसाच राहिला तर पेट्रोल जास्त, इंजिन बसायला लागलं तर कमी. प्लग सतत काळे होत असतील तर चोक ढकलल्यावर नोझल पूर्ण वर जातंय का, ते खालून बोट लावून बघा. थोडंसं लटकलेलं नोझल म्हणजे अर्धा चोक ओढून गाडी चालवणं. इलेक्ट्रिक पंप बसवला असेल तर दाब साडेतीन-चार पीएसआयच्या वर जाऊ देऊ नका, फ्लोटची सुई तो अडवू शकत नाही. आणि आजच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुन्या रबरी नळ्या मऊ पडतात, त्या आधी बदला.

मागच्या सस्पेन्शनमध्ये एक कुप्रसिद्ध पिन आहे. खालचा आर्म आणि स्ट्रटचा पाया जोडणारी स्पिंडल पिन. बुश (जोडातलं रबरी अस्तर) बदलायला ती काढावी लागते आणि पन्नास वर्षांत ती लोखंडात रुतून बसलेली असते. मधली लॉक पिन आधी नट सैल करून काढा. ही विसरून हातोडा घालणारे लोक स्पिंडल पिनचे आटे चेपवतात आणि मग ती कुठूनच निघत नाही. आठवडाभर रोज गंज सोडवणारं तेल सोडा, मग ओढून काढणारा पुलर लावा. क्लच सोडताना मागून ‘धड’ असा आवाज येत असेल तर ही पिन नव्हे, डिफरन्शियलचं पुढचं रबरी माउंट फाटलेलं असतं. ते स्वस्तात होतं, आधी ते बघा.

केबिनमध्ये धुराचा वास येणं ही झेडची जुनी तक्रार. काचा खाली करून चालवलं की मागच्या बाजूला हवेचा दाब कमी होतो आणि एक्झॉस्टचा धूर काचदाराच्या रबरातून, टेललाइटच्या पॅकिंगमधून, वायरींच्या ग्रोमेटमधून आत ओढला जातो. यात कार्बन मोनॉक्साइड असतो, म्हणून वासाची सवय करून घेऊ नका. टेललाइट काढून नवं पॅकिंग घाला, काचदाराचं रबर बदला.

वायरिंगमध्ये काटकसर दिसते. हेडलाइटचा पूर्ण करंट स्टिअरिंगवरच्या स्विचमधून जातो, मध्ये रिले (मोठा करंट वाहणारा वेगळा स्विच) नाही. पार्किंग लाइटच्या फ्यूजची पकड सैल झाली की तिथे उष्णता तयार होते आणि फ्यूजबॉक्सचं प्लॅस्टिक वितळतं. फ्यूज शाबूत दिसतो, म्हणून लोक फसतात. रात्री अर्धा तास दिवे लावून फ्यूजबॉक्सला हात लावा, कोमटपेक्षा जास्त गरम लागला तर पकडी बदला. हेडलाइटला रिले बसवताना बाजारातला कोणताही संच घेऊ नका. या गाडीत हाय-लो स्विच अर्थिंगच्या बाजूला आहे, नेहमीसारखा पॉझिटिव्हच्या बाजूला नाही. झेडसाठीच बनवलेला संच घ्या.

भाग मिळतात का, हा प्रश्न सगळे विचारतात. मिळतात. एस३० घडणीच्या (२४०झेड आणि तिच्यामागून आलेल्या २६०, २८०झेड) पाच लाखांहून जास्त गाड्या बनल्या, २६० आणि २८०झेडचे कितीतरी भाग २४०ला चालतात, आणि त्यांच्यावर प्रेम करणारी माणसं पुरेशी आहेत. १९९६ साली झेडची अमेरिकेतली विक्री थांबली त्या सुमारास निसानने स्वतः जुन्या २४०झेड विकत घेऊन, नव्यासारख्या करून डीलरांमार्फत विकल्या होत्या. थोड्याच गाड्या झाल्या, पण कंपनीला आपल्या जुन्या गाडीची आठवण झाली. १९९८ साली मिस्टर के यांना अमेरिकेतल्या ऑटोमोटिव्ह हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळालं, तेव्हा ते ८९ वर्षांचे होत होते. ज्या कंपनीने त्यांना १९७७ साली गाजावाजा न करता परत बोलावलं होतं, तिला त्यांची किंमत कळायला एवढा काळ लागला याचा मला आजही राग येतो. गाडीमालकांना ती पहिल्यापासून कळली होती.

पैसा मोजका असेल तर क्रम असा ठेवा. आधी फ्रेम रेल आणि जमिनीचा पत्रा, मग ब्रेक आणि पेट्रोलच्या नळ्या, मग वायरिंग, मग बुश. रंग आणि मोठी चाकं सर्वांत शेवटी. इंजिन चालू होत नसलेली पण पत्रा शाबूत असलेली झेड, चकचकीत पण कुजलेल्या झेडपेक्षा नेहमीच स्वस्त पडते.